वरातीमागून डॉक्टर

बालाघाटसारख्या जिल्ह्यात पशुवैद्यकांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला आणि कुणी घोड्याचे नाव काढले की एक प्रश्न हमखास येतो: घोडे उरलेतच किती? विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. प्रश्नातच निकाल दिलेला असतो आणि चर्चा पुन्हा कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकूत, लंपी, शेळ्यांचे लसीकरण यांकडे वळते. या निकालाविरुद्ध मला बोलायचे आहे. पण समोरच्याचे म्हणणे पडके करून मग ते पाडण्यात मजा नाही, म्हणून आधी ते पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखांच्या आत भरले; २०१२ च्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक घट. खेचरे ५७ टक्क्यांनी कमी झाली, गाढवे ६१ टक्क्यांनी. त्याच गणनेत एकट्या मध्य प्रदेशात गायीबैल १ कोटी ८७ लाख. टांगा गेला, ओझ्याची तट्टे गेली, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला. सरकारी दवाखान्यातल्या एकेका डॉक्टरकडे गावांचा झुबका असतो. त्याचा वर्षातला एखादा आठवडा शिकण्यासाठी मोकळा करायचा, तर तो ज्या जनावरावर हजारो कुटुंबे जगतात त्यासाठी करावा. हौसेच्या आणि वरातीच्या चार घोड्यांसाठी का? सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारा माणूस हेच विचारणार, आणि त्याने ते विचारायलाच हवे.

आकडे बरोबर आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण तो एका न तपासलेल्या गृहीतावर उभा आहे: जनावरांची संख्या जेवढी, तेवढी शिक्षणाची गरज. औषधांचा साठा असा ठरवता येतो, लसींच्या मात्रा अशा ठरवता येतात. शिक्षण असे ठरत नाही. जे रोज समोर येते ते माणूस करता करता शिकतो. अडलेली गाय सोडवण्याचा हात पाच-दहा पावसाळ्यांत कुणाचाही बसतो. चुका होतात, शेजारच्या दवाखान्यातला ज्येष्ठ सांगतो, पुढच्या वेळी दुरुस्त होतात. जे क्वचित येते त्याचा हात असा बसत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये इतका काळ जातो की पहिल्याचा धडा दुसऱ्यापर्यंत टिकत नाही. म्हणून मुद्दाम आखलेल्या शिक्षणाची खरी जागा क्वचित येणाऱ्या, पण आल्यावर काही तासांत निकाल लावणाऱ्या प्रसंगांसाठी असते. विमानाचे चालक इंजिन बंद पडण्याचा सराव करतात तो काही इंजिन रोज बंद पडते म्हणून करत नाहीत. घोडे कमी झाले, हे प्रशिक्षणाविरुद्धचे कारण म्हणून पुढे केले जाते. माझ्या लेखी ते प्रशिक्षणाच्या बाजूचे पहिले कारण आहे.

आता बालाघाटकडे पाहू. जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा, जंगलाचा, मँगनीजच्या खाणींचा. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. आज मध्य प्रदेशात आहे, पण लांजी-कटंगीकडची सोयरीक गोंदिया-तुमसरकडे चालूच आहे. इथे घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नसराईत. तुळशीचे लग्न लागले की घोडीवाल्याचे दिवस सुरू होतात ते पार उन्हाळा संपेपर्यंत. आज वारासिवनी, परवा किरनापूर, मग सीमा ओलांडून आमगाव. घोडी बँडच्या गाड्यांबरोबर हिंडते, रात्री उभी राहते, दिव्यांच्या आणि फटाक्यांच्या मधून चालते. पाणी पिण्याची वेळ चुकते. कौतुकाने कुणी लाडू चारतो, कुणी भिजवलेले चणे, कुणी उरलेल्या पंगतीतला भात. एका कुटुंबाची वर्षाची कमाई या काही महिन्यांत, या एका जनावराच्या चार पायांवर होते. तिला ‘हौसेचा घोडा’ म्हणणाऱ्याने हौस कुणाची आणि पोट कुणाचे, एवढे तरी पाहावे. हौस नवरदेवाची असते.

अशा घोडीच्या पोटात रात्री कळ उठली तर काय होते, याचा विचार जरा सावकाश करू, कारण सगळा वाद इथेच सुटतो.

गुरांवर तयार झालेला डॉक्टर येतो. प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, रात्री उठून आला आहे. तो आधी पोटाची फुगी पाहतो, कारण गायीत पाहायचे असते ते रवंथाचे पोट. घोड्याला ते पोटच नाही. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरांचे. चाऱ्याचे आंबणे होते ते मागे, मोठ्या आतड्यात. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. पुढे वाट तुंबली तर जठरात साचलेले मागे फिरून बाहेर पडत नाही; जठर ताणत जाते आणि शेवटी फाटते. त्यामुळे घोड्याच्या पोटदुखीत पहिल्या काही कामांपैकी एक म्हणजे नाकपुडीतून नळी घालून जठरात काय साचले आहे ते पाहणे. ही नळी अन्ननलिकेत गेली की श्वासनलिकेत, हे हाताला कळावे लागते. गायीला नळी तोंडातून घालतात. तिथला सराव इथे उपयोगाचा नाही. आणि नळी न घालता मालकाच्या आग्रहाखातर बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने तेल पाजले, तर दोनच गोष्टी होतात: आधीच भरलेल्या जठरावर आणखी भार, नाहीतर तेल फुप्फुसात.

पुढे नाडी. गायीच्या छातीला यंत्र लावले आणि मिनिटाला साठ ठोके मोजले तर डॉक्टर निवांत होतो. मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके साधारण २८ ते ४० असतात. वेदनाशामक देऊनही साठाच्या वर टिकून राहिले तर आतडे पिळले असण्याची शंका धरावी लागते. म्हणजे आकडा तोच, मोजणारा तोच, आणि एका जनावरात तो आकडा स्वास्थ्याचा, तर दुसऱ्यात मरणाच्या वाटेवरचा. हिरड्यांचा रंग, त्या बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, पोटाच्या चारही बाजूंनी आतड्यांचे आवाज, गुदमार्गातून हात घालून आतड्यांची जागा पाहणे: यांत एकही गोष्ट महागड्या यंत्राची नाही. सगळ्या हाताच्या, कानाच्या आणि डोळ्यांच्या आहेत. बहुतेक पोटदुख्या शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. थोड्या होत नाहीत. कोणती कुठली, हे लवकर ओळखणे हेच जिल्ह्यातल्या डॉक्टरचे काम, आणि ते पुस्तकातून उतरत नाही.

औषधांचे तर आणखी अवघड. जनावर शांत करायला दिले जाणारे झायलाझीन गायीला घोड्याच्या सुमारे एक दशांश पुरते. गायीच्या अंदाजाने घोड्याला टोचले तर तो अर्धवट गुंगीत राहतो आणि त्याच गुंगीत लाथ मारतो. घोड्याच्या अंदाजाने गायीला टोचले तर ती तिथेच बसते. फ्लुनिक्सिन हे घोड्याच्या पोटदुखीतले नेहमीचे वेदनाशामक, पण ते शिरेतून द्यायचे. स्नायूत टोचल्यावर त्या जागी जंतुसंसर्ग होऊन मांस सडल्याची उदाहरणे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत भरपूर आहेत. तेच औषध पुन्हा पुन्हा दिले तर दुखणे झाकले जाते, निर्णयाची वेळ टळते, आणि तहानलेल्या जनावराचे मूत्रपिंड दुखावते ते वेगळेच. गुरांच्या रक्तातल्या परजीवींसाठी वापरले जाणारे डायमिनाझीन घोड्याला नीट सोसत नाही, आणि सर्रा रोगावर त्याचा भरवसाही धरता येत नाही. तिथे क्विनापायरामीन लागते, तेही जपून. कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास असणारे मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाला विष आहे. स्वस्त मिळाले म्हणून कोंबडीखाद्याचे पोते तबेल्यात आले, तर ‘खाद्य कुठले?’ हा एक प्रश्न विचारणारा डॉक्टर आणि न विचारणारा डॉक्टर यांत घोडीच्या जिवाचे अंतर असते.

आणखी एक गोष्ट खास या धानपट्ट्याची. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. गिरण्या जागोजाग, आणि कोंडा स्वस्त. घोडीवाला घोडीला कोंडा घालतो, चरायला धानाची तणस. तणस राठ, पचायला जड. पाणी कमी पडले की मोठ्या आतड्यात गोळा होऊन बसते. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. महिनोन्महिने असा आहार चालला की शरीर स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम ओढू लागते. घोडी आज या पायाने लंगडते, उद्या त्या; जबड्याची आणि तोंडाची हाडे जाड, भुसभुशीत होतात. पहिल्या टप्प्यात ओळखले तर कोंडा कमी करून, आहारात चुनखडीची पूड आणि शेंगवर्गी चारा घालून उतार पडतो. न ओळखले तर ‘नाल नीट बसली नाही’ म्हणून नालबंदाला शिव्या बसतात. पुस्तकात या रोगावर पान-दोन पानेच असतील. पण ती पाने ज्याच्या ध्यानात आहेत तो डॉक्टर बालाघाटात हवा. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांचा आहार तोलून-मापून दिलेला असतो. तिथे त्याचे एवढे अडत नाही.

यावर दुसरी फळी पुढे येते: अश्ववैद्यक हे मुळात शर्यतीच्या, सैन्याच्या आणि पोलोच्या घोड्यांचे शास्त्र, ते त्या लोकांनी त्यांच्या पैशाने जोपासावे. हे म्हणणाऱ्याला या देशातल्या पशुवैद्यकाचा इतिहास एकदा ऐकवायला हवा. १८६२ मध्ये पुण्यात लष्कराचे पशुवैद्यकीय विद्यालय निघाले ते घोड्यांसाठी. १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्स यांनी सर्राच्या परजीवीचा शोध लावला तो आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात. १८८९ मध्ये पुण्यात जी जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढे मुक्तेश्वरला जाऊन आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली, तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर बरेच काम केले. मुंबईचे परळचे महाविद्यालय १८८६ चे, तेव्हा शहर घोड्यांवरच चालत होते. साम्राज्याला घोडा हवा होता म्हणून हे खाते उभे राहिले, हे खरे. त्या काळात गायीबैलांची उपेक्षा झाली, हेही खरे. स्वातंत्र्यानंतर लंबक दुसरीकडे गेला आणि तो जाणे न्याय्यच होते. पण जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून आज वारासिवनीच्या घोडीवाल्याने उपेक्षा सोसावी, हा कुठला न्याय? ब्रिटिश रिसाल्याचा वारस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

शास्त्र श्रीमंतांचे राहिले असेल तर ते तसे आपणच राहू दिले. २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यक केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त कप्पा म्हणून मान्यता दिली. अश्वीय संसर्गजन्य पंडुरोग, इन्फ्लुएन्झा, पायरोप्लाझ्मोसिस, ग्लँडर्स, सर्रा या पाचही रोगांपासून ती जागा मुक्त. भारतीय घोड्यांना परदेशातल्या स्पर्धांना जाण्याची वाट त्यामुळे सोपी होईल, आणि ते चांगलेच आहे. मला त्यातून दुसरेच दिसते. या पाच रोगांवर नजर कशी ठेवायची याचे ज्ञान, चाचण्या आणि शिस्त या देशात आहे. हिसारला १९८५ पासून राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. कुंपणाच्या आत जे जमते त्याचा दहावा हिस्सा कुंपणाबाहेर का पोचू नये?

आणि पोचला नाही तर काय होते, हे ग्लँडर्सने दाखवून दिले आहे. बरीच वर्षे शांत राहिलेला हा रोग २००६ मध्ये पुन्हा उघड झाला तो महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणी इथल्या घोड्यांत. पाठोपाठ उत्तरेकडच्या राज्यांतही सापडला. पाचगणीचे घोडे म्हणजे पर्यटकांना टेबललँडवर फिरवणारे घोडे, शर्यतीचे नव्हेत. २००८ मध्ये अश्व इन्फ्लुएन्झाची साथ सुरू झाली ती कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या वाटेवरच्या कष्टकरी जनावरांत, आणि मग देशभर पसरली. साथी गरिबाच्या तबेल्यात सुरू होतात. श्रीमंताच्या तबेल्यात पोचल्या की बातमी होतात. ग्लँडर्स तर माणसाला होतो आणि मारूही शकतो. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर गाठींची माळ, हे पाहून ज्याच्या मनात शंका येते तो डॉक्टर हातमोजे घालतो, रक्ताचा नमुना हिसारला पाठवण्याची व्यवस्था करतो, घोडा वेगळा बांधायला लावतो. ज्याच्या मनात येत नाही तो सर्दीचे इंजेक्शन देऊन घरी जातो, हात धुतो किंवा धुतही नाही. २००९ च्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यात या रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. खबर देणार कोण? ज्याने रोग एकदाही पाहिला नाही, ज्याला त्याची छायाचित्रेसुद्धा पदवीनंतर कुणी दाखवली नाहीत, तो?

इथे मालकाचीही बाजू आहे. रोग सिद्ध झाला की जनावर मारावे लागते. २०१९ च्या राष्ट्रीय आराखड्यात घोड्यासाठी भरपाई २५ हजार रुपये धरली होती. वरातीत चालणाऱ्या, नाचायला शिकवलेल्या घोडीची किंमत याच्या कितीतरी पट. अशा वेळी मालक घोडी रातोरात सीमेपार हलवतो, आणि ती सीमा इथे एका वैनगंगेच्या किंवा बाघ नदीच्या पुलाएवढी जवळ आहे. त्याला थांबवू शकतो तो ज्याच्यावर त्याचा आधीपासून विश्वास आहे असा डॉक्टर. तो विश्वास कुठून येणार? त्याच घोडीच्या पोटदुखीत जो रात्री नीट नळी घालतो, त्याच्याबद्दलच तो निर्माण होतो. रोगनियंत्रण आणि रोजची चिकित्सा हे दोन विभाग कागदावर आहेत. घोडीवाल्याच्या अंगणात ते एकच माणूस असतात.

‘गुंतागुंतीचे असेल तर नागपूरला न्या, जबलपूरला न्या’ हे तिसरे उत्तर. दोन्हीकडे जुनी महाविद्यालये आहेत: जबलपूरचे १९४८ चे, नागपूरचे १९५८ चे. बालाघाट दोघांच्या मधोमध लटकलेले, दोन्हीकडून शे-दोनशे किलोमीटर. पोटदुखीने लोळणारी घोडी मालवाहू टेम्पोत चढवून रात्री त्या रस्त्याने नेणे, हा सल्ला देणाऱ्याने आधी एकदा टेम्पोत मागे उभे राहून बघावे. त्यातही, पिळलेल्या आतड्याची शस्त्रक्रिया रेसच्या शहरांबाहेर जवळपास कुठेच नियमित होत नाही. म्हणून ‘पुढे न्या’ म्हणायचे की ‘इथेच थांबा, नळीने पाणी आणि तेल देत राहू’ म्हणायचे की ‘आता हिला सोडवू’ म्हणायचे, हे अंगणातच ठरवावे लागते. शेवटचा निर्णय सांगणे आणि तो वेदनेविना अमलात आणणे हेसुद्धा शिकवण्याचे कौशल्य आहे. आपल्याकडे त्याबद्दल बोलायलाच लोक कचरतात.

फोनचा मुद्दा मी थोडक्यात उरकतो. १९६२ क्रमांकाची फिरती वाहने आली, व्हिडिओवर तज्ज्ञ दिसतो, हे सगळे उपयोगी आहे. पण पलीकडचा तज्ज्ञ विचारणार काय? ठोके किती, हिरड्या कशा, नळीतून काय आले, हाताला आत काय लागले. ज्याला हे पाहता येते त्याच्यासाठी फोन फार मोठी सोय. ज्याला येत नाही तो फक्त घोडीचा व्हिडिओ पाठवतो, आणि पलीकडचा तज्ज्ञही तेवढाच हतबल होतो.

‘अनुभव हाच गुरू’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांशी मात्र मला जरा जास्त भांडायचे आहे, कारण ते माझेच लोक आहेत आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. पण अनुभव जुनाही होतो. नव्वदीच्या दशकात पदवी घेतलेल्याला डायक्लोफेनॅक हे उत्तम वेदनाशामक म्हणून माहीत होते. गिधाडे मरू लागली, कारण कळले, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली. किटोप्रोफेन तर घोड्यांत नेहमी वापरले जायचे. हातातल्या वर्षांनी हे शिकवले नाही; कुणीतरी सांगावे लागले. सर्राचा ताप येतो-जातो, म्हणून रक्ताची काच ताप चढलेला असताना घ्यायची. म्हैस आणि गाय हा परजीवी लक्षणांविना बाळगू शकतात, आणि मोठ्या चावऱ्या माशा तो घोड्यापर्यंत नेतात. म्हणजे घोडीच्या सर्राचा शोध शेजारच्या गोठ्यापर्यंत जातो. हेही अनुभवाने आपोआप उमगत नाही. उलट ‘घोडी खंगली, वय झाले’ एवढेच वाटत राहते.

आता माझ्या बाजूच्या लोकांशीही दोन शब्द. प्रशिक्षण हवे म्हटले की आपल्याकडे हॉटेलच्या सभागृहात दीपप्रज्वलन होते, औषध कंपनीचा फलक लागतो, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाला वर्षाला ३५ तास निरंतर शिक्षण सक्तीचे आहे, तसे इथे करा, अशी मागणी होते. तास मोजून शिक्षण होत असते तर आपण केव्हाच शहाणे झालो असतो. पडद्यावर पोटदुखीचे वर्गीकरण पाहून कुणाच्या बोटांना अन्ननलिका कळत नाही. घोड्याचे प्रशिक्षण घोड्याशिवाय होऊ नये, एवढी एकच अट मी घालीन. १९३४ मध्ये कैरोत युद्धातून उरलेल्या म्हाताऱ्या घोड्यांसाठी डोरोथी ब्रूक यांनी जे रुग्णालय काढले, त्यातून निघालेल्या संस्थेचे आजचे काम भारतातल्या वीटभट्ट्यांवरही चालते. तिथे स्थानिक डॉक्टरच्या आणि नालबंदाच्या शेजारी उभे राहून, त्याच्याच कामाच्या जागी, चूक दाखवत शिकवण्यावर भर असतो. मला ती रीत पटते.

आणि त्यासाठी काळही आयता आहे. चातुर्मासात लग्ने नसतात. घोड्या बांधलेल्या असतात, मालक रिकामा असतो, माशांचा आणि सर्राचा हंगाम नेमका तोच. धनुर्वाताची लस टोचायला, दात पाहायला, काटेरी लगामाने तोंडात झालेल्या जखमा दाखवायला (असा लगाम १९६५ च्या नियमांनी बंद आहे, हे मालकाला सांगायलाही) याहून बरी वेळ नाही. जबलपूर आणि नागपूर या दोन महाविद्यालयांनी मिळून बालाघाट-गोंदिया पट्ट्यात असे शिबिर घ्यावे. दोन राज्ये, दोन खाती, दोन पत्रव्यवहार, हे सगळे मला ठाऊक आहे. घोडी मात्र दोन्हीकडे तीच असते. नालबंदाला विद्यार्थी म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून बोलवावे. टापेबद्दल त्याच्याइतके तिथे जमलेल्या कुणालाच कळत नसेल.

एक आक्षेप उरतो आणि तो चलाखीचा आहे: असेच असेल तर उंट, याक यांचेही शिकवा. नाही. बालाघाटात याक नाहीत. जे जनावर जिल्ह्यात आहे, ज्याच्या बाबतीत गुरांचे ज्ञान लावल्यास उलटते, ज्याचा रोग माणसाला मारतो आणि ज्याचा जाणकार दोनशे किलोमीटरवर आहे, त्याचे शिकवा. शिवाय कान्हाचा मुक्की दरवाजा याच जिल्ह्यात आहे. तिथे वनखात्याचे हत्ती आहेत. हत्तीही घोड्यासारखाच मागच्या आतड्यात चारा आंबवतो, त्यालाही सर्रा होतो, धनुर्वात होतो, पोटात कळ येते. औषधांच्या मात्रा ठरवताना जगभरचे डॉक्टर घोड्यावरून अंदाज घेतात. घोडीवर बसलेला हात हत्तीजवळही कमी कापतो.

खर्चाचे म्हणाल तर रबरी नळ्या, बादल्या, लसी, रक्ताच्या काचा. सूक्ष्मदर्शक दवाखान्यात आहेच. मोठा खर्च एकच, आणि तो टाळू नये: घोडीवाल्याला त्या दिवसाची पुरती मजुरी द्यावी. एका घोडीवर एका दिवसात दोघांनीच नळी घालायला शिकावे, पंधरा जणांनी नव्हे. नाकातून रक्त येईपर्यंत सराव झालेली घोडी पुढच्या वर्षी शिबिरात येणार नाही, आणि तिचा मालक रात्री बोलावणारही नाही.